ऑइल चेंबरचे पॅकिंग: शृंगारतळीतील एका गॅरेजचा अनुभव

आमची अकरा वर्षे वापरातली पेट्रोल गाडी रात्री अंगणात उभी केली की सकाळी जांभ्याच्या चिऱ्यांवर रुपयाएवढा तेलाचा काळा डाग दिसू लागला होता. आधी ज्या गॅरेजमध्ये दाखवली, तिथे ऑइल चेंबरचे, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या पत्र्याच्या भांड्याचे, बोल्ट आणखी आवळून कडेने सिलिकॉन फासून दिले. पंधरा दिवसांत तो डाग तळहाताएवढा झाला. म्हणून गुहागर-चिपळूण रस्त्यावर, शृंगारतळीच्या बाजारपेठेपासून जवळच असलेल्या एका छोट्या गॅरेजमध्ये गाडी नेली.

तिथल्या मिस्त्रींनी लगेच पान्याला हात घातला नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तेल वरून खाली ओघळत असल्यामुळे टॅपेट कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचे झाकण) किंवा क्रँकचे ऑइल सील (फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारी कडी) गळत असले तरी थेंब चेंबरच्या कडेवरूनच पडतो, आणि पुष्कळदा चेंबरचे पॅकिंग (चेंबर आणि इंजिन यांच्या जोडात बसणारी, तेल अडवणारी पट्टी) बदलूनही गळती तशीच राहते. त्यांनी इंजिनाचा खालचा भाग डिझेलने धुऊन, तांबड्या मातीचा चिकटलेला थर काढून कोरडा केला, त्यावर साधी टाल्कम पावडर भुरभुरली आणि मला गाडी अर्धा तास फिरवून आणायला सांगितले. परत आल्यावर फिल्टरच्या बाजूला चेंबरच्या जोडावर पावडर ओली होऊन काळी पडली होती. त्याच्या वर सगळे पांढरे आणि कोरडे होते.

तेल काढून, सायलेन्सरचा पुढचा पाइप सोडवून चेंबर खाली घेतला, तेव्हा जुने पॅकिंग सुकलेल्या झावळीच्या पातीसारखे हातात मोडले. मूळ दुखणे मात्र वेगळेच होते. चेंबर त्यांनी जाड काचेवर पालथा ठेवला आणि पलीकडून टॉर्च धरली, तर बोल्टांच्या भोकांपाशी पत्रा काचेला टेकलेला आणि दोन भोकांच्या मधून उजेड आरपार येत होता. बोल्ट प्रमाणाबाहेर आवळले की भोकाभोवतीचा पत्रा वर खेचला जातो, पॅकिंग तिथे चिरडते आणि मधल्या भागात सैल राहते, हे त्या उजेडाने मला दाखवले. लाकडाच्या ओंडक्यावर ठेवून, हलक्या हातोडीने ठोकत त्यांनी सगळी कड सपाट केली. त्यात जवळपास तासभर गेला.

पॅकिंग चिपळूणहून संध्याकाळच्या एस.टी.ने आले, त्यामुळे जोडणी दुसऱ्या दिवशी झाली. टायमिंग कव्हर (इंजिनाच्या टोकाचे झाकण) जिथे ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्याला मिळते त्या कोपऱ्यांवर सिलिकॉनचा एकेक ठिपका, बाकी कोरडे. कारण आत वाढलेले सिलिकॉन तुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकले तर तेलाचा दाब पडतो आणि इंजिनच जाऊ शकते. दहाच्या पान्याचे ते बारीक बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, समोरासमोर, टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळता येणारा पाना) लावून सुमारे १० न्यूटन-मीटरवर बसवले. ड्रेन बोल्टचा वॉशरही नवा टाकला. खाऱ्या हवेने चेंबरच्या तळाला गंजाचे फोड आले होते, ते खरवडून प्रायमर आणि रंग मारून दिला. “काका, आज गाडी नेऊ नका, सिलिकॉन रात्रभर सुकू दे, तेल सकाळी भरतो,” असे म्हणाले आणि तसेच केले.

पॅकिंग ३८० रुपये, तेल व फिल्टर १,६५० आणि मजुरी १,४०० रुपये, असे एकूण ३,४३० रुपये झाले. एवढ्या कामाला ही मजुरी मला कमीच वाटते. तक्रार एकच आहे, ती म्हणजे खर्चाचा अंदाज आणि बिल दोन्ही तोंडी मिळतात. सुटे भाग बदलल्याची नोंद गाडीबरोबर राहावी यासाठी त्यांनी छापील बिल द्यावे, अशी विनंती मी त्यांना केली आहे. शिवाय तीन दिवस गाडीविना काढण्याची तयारी ठेवावी लागते.

काम होऊन चार महिने झाले. या काळात चिपळूणच्या फेऱ्या बऱ्याच झाल्या, पण डिपस्टिकवरची पातळी हललेली नाही. परवा गाडीखाली पसरलेला पुठ्ठा सकाळी काढून पाहिला, तो कोरडा होता.