कालकवासर (चुन्याचं पाणी) की सीओटू स्क्रबर (हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषणारा डबा)?
म्हापशाचा दोस्त विचारतोय, पावसात खिडक्या बंद, एसी चालू, रीफ टँकचा (कोरलच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचा) पीएच 7.8 च्या वर जात नाही, काय घेऊ? आधी तासभर खिडकी उघडून बघ रे, पीएच चढला तर दोष खोलीतल्या हवेत साठलेल्या सीओटूचाच.

खर्चात कालकवासर स्वस्त, पावडर आरओच्या पाण्यात ढवळून वरचं नितळ पाणी रात्री थेंबथेंब सोडायचं, वर कॅल्शियम नि अल्कलिनिटीही मिळते. पण एसी बंद असला तर आपल्याकडे जुलैत हवा इतकी दमट की टाकीतलं पाणी फारसं उडत नाही, मग टॉपअप (उडालेल्या पाण्याची भरपाई) घालणार किती? जास्त पडलं तर पीएच उसळून कोरल गेलेच समज.

स्क्रबर स्किमरच्या (फेसातून टाकीतली घाण काढणाऱ्या यंत्राच्या) हवेच्या नळीला जोडला की झालं, मात्र आतला सोडा लाईम (सीओटू शोषणारे दाणे) जांभळा पडला की बदला, खर्च चालूच.

दगडी कोरल भरपूर असतील तर कालक, सॉफ्ट कोरल नि बंद खोली असेल तर स्क्रबर.