भारतीय न्याय संहितेचं मराठी-इंग्रजी पुस्तक: एका छापखानेवाल्याचा अनुभव

मिरजेत माझी छोटी ऑफसेट प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, गणेशोत्सवाच्या पावत्या, दर्ग्याच्या उरुसाची पोस्टरं, सगळं एकाच मशीनवर निघतं. गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन पत्रकं आली. पहिल्यात एका बाबाच्या चमत्कारांवर टीका, आणि जाता जाता वारीलाही बोल लावलेला. मी माळकरी, वाचून जिवाला लागलं. दुसऱ्यात माझ्या धर्माचं भरभरून कौतुक, आणि खाली अमुक धर्माच्या लोकांकडून काही घेऊ नका, त्यांना गल्लीत थारा देऊ नका. पहिलं परत करावं, दुसरं घ्यावं, असंच मनात होतं. मेव्हणा वकील आहे. तो म्हणाला, "दाजी, आधी कायदा वाचा." म्हणून दीडशे रुपयांना हे पुस्तक आणलं.

पैसे वसूल झाले ते दोन कलमांत. २९९ म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेतलं २९५-अ, इंग्रजांनी १९२७ साली घातलेलं; त्या संहितेच्या जागी आता ही न्याय संहिता आली आहे. धार्मिक भावना दुखावल्या की गुन्हा, असं मी आजवर समजत होतो. इंग्रजी पानावर शब्द आहेत 'डेलिबरेट अँड मॅलिशस', म्हणजे जाणूनबुजून आणि आकसाने. मला वाईट वाटलं, एवढ्याने तिथे भागत नाही. १९६, म्हणजे जुनं १५३-अ, धर्म, जात, भाषा यांवरून गटागटांत वैर पेटवण्याबद्दल आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, प्रार्थनास्थळात केलं तर पाच. दुसरं पत्रक मला सरळ इथे बसताना दिसलं.

मी ते परत केलं. २००९ च्या गणेशोत्सवात कमानीवरच्या एका चित्रावरून मिरज पेटली होती, तेव्हाची संचारबंदी मी प्रेसचं शटर ओढून काढली आहे. पहिलं पत्रक छापलं, वारीच्या ओळीसकट. हात जड झाला होता, खोटं कशाला बोलू.

आता उणिवा. मराठी इतकी बोजड की अर्थ लागायला दर वेळी इंग्रजी पान बघावं लागतं. टाइप बारीक, कागदातून मागची अक्षरं दिसतात. निकालांच्या टिपा एकही नाहीत. निष्काळजीपणाने झालेला अपमान २९५-अ खाली येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच सांगितलंय. ते मला मेव्हण्याकडून कळलं. सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय कोर्ट या कलमांची दखल घेऊ शकत नाही, ही अट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या कायद्याच्या, कलम २१७ मध्ये आहे, म्हणजे वेगळं पुस्तक घ्या. पण पोलीस गुन्हा नोंदवून अटक करू शकतात, मंजुरी नंतरची गोष्ट. छापणाऱ्याला हे आधी कळायला हवं. शेवटचा जुन्या-नव्या कलमांचा तक्ता मात्र उत्तम.

घ्यायचं तर दोन्ही संहिता एकत्र असलेली आवृत्ती घ्या. मी १९६ आणि २९९ मोठ्या टाइपात जुळवून काउंटरच्या काचेखाली लावलीत. पत्रक घेऊन येणाऱ्याला आधी ती वाचायला सांगतो.