उन्हाळ्यात दैनिक की फेलोशिप? दोन्ही करून पाहिलेल्याचं मत

फेब्रुवारी उजाडला की पत्रकारिता शिकणाऱ्या मुलामुलींचे फोन यायला लागतात. शहरातल्या दैनिकात दोन महिने उमेदवारी करायची संधी असते, ग्रामीण वार्तांकनाच्या उन्हाळी फेलोशिपचंही पत्र आलेलं असतं, आणि तारखा नेमक्या एकमेकींवर येतात. मी दोन्ही केलं आहे. २०१८ चा उन्हाळा पुण्यातल्या एका दैनिकात काढला. २०१९ मध्ये त्याच दैनिकाने परत बोलावलं होतं आणि फेलोशिपसाठीही निवड झाली होती. दोन दिवस विचार केला आणि बीडची एसटी पकडली. कालावधी, पात्रता, प्रमाणपत्र हे सगळं जाहिरातीत असतं, त्यावर लिहीत नाही. जाहिरातीत जे नसतं तेवढंच सांगतो.

दैनिकाचं ऋण आधी मान्य करतो, कारण ते मोठं आहे. डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून पानात बसवतात तिथे, बसल्याशिवाय हात चालत नाही. डाक आवृत्तीची, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाची, पानं आधी सुटतात, शहराची सगळ्यात शेवटी, आणि त्या मधल्या तासांत तुमच्यासमोर प्रेसनोटांचा ढीग असतो. चारशे शब्दांच्या प्रेसनोटमधून ऐंशी शब्दांची सिंगल, म्हणजे एका कॉलमची छोटी बातमी, काढायची, दोन ओळींत नेमकं बसेल असं हेडिंग द्यायचं, सत्कारमूर्तींच्या नावांची यादी गाळून कार्यक्रमात खरोखर काय ठरलं ते वर आणायचं. माझ्या शेजारी बसणारे मुख्य उपसंपादक ‘करण्यात आले’ दिसलं की थांबायचे. कोणी केलं, ते शोधायचे, सापडलं नाही तर वाक्यच काढून टाकायचे. ती सवय मला त्यांच्याकडे बघून लागली आणि अजून सुटलेली नाही. पोलिसांकडून रोज रात्री येणारी माहिती कशी वाचायची, ‘आरोपी’ आणि ‘संशयित’ यांत काय फरक ठेवायचा, अपघाताच्या बातमीत जखमींची नावं पुन्हा पुन्हा का तपासायची, हे वर्गात सांगितलेलं असतं. पण उद्याच्या अंकात आपल्या हातून चूक जाणार आहे ही भीती डेस्कवरच कळते.

पण हे सगळं मी इतरांच्या कॉपीवर, म्हणजे त्यांनी लिहून दिलेल्या मजकुरावर, शिकलो. माझी स्वतःची कॉपी मला कधीच परत मिळाली नाही.

माझ्यापुरता निर्णय याच एका गोष्टीवर झाला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मे महिन्यात मी सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेवर बातमी केली. स्पर्धा परीक्षांची मुलं, दहा बाय बाराच्या खोलीत चौघं राहणारी. दुपारी खोलीवर पत्रा तापतो म्हणून अभ्यासिका रात्री दोन तास जास्त उघडी ठेवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी व्यवस्थापकांना अर्ज दिला होता, व्यवस्थापकांनी विचार करतो म्हणून सांगितलं होतं. मी तसंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी अंकात हेडिंग होतं, ‘अभ्यासिकेच्या वेळेवरून विद्यार्थी आक्रमक’. व्यवस्थापकांचं म्हणणं जागेअभावी कापलं गेलं होतं. सकाळी साडेनऊला त्या मुलांपैकी एकाचा फोन आला. “दादा, आम्ही कधी आक्रमक झालो? आता आम्हाला इथे बसू देतील का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. संध्याकाळी डेस्कवर विचारलं. कॉपी तिघांच्या हाताखालून गेली होती आणि तिघांनाही रात्रीची गर्दी आठवत होती, माझी बातमी नव्हे. कोणाचा हेतू वाईट नव्हता. उलट माझ्याशी ती माणसं प्रेमानेच वागली. पण पान गेलं की विषय संपतो, आणि दुसऱ्या दिवसाचं पान समोर उभं असतं. त्या मुलाला मी जाऊन भेटलो, व्यवस्थापकांनाही भेटलो. त्यांनी समजून घेतलं, वेळही वाढवून दिली. तरी ‘आक्रमक’ हा शब्द माझ्या नावाखाली छापला गेलेला होता.

त्यानंतर मी एक वही केली. डाव्या पानावर माझी मूळ कॉपी, उजव्या पानावर अंकातलं कात्रण, आणि बदललेल्या प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ. दैनिकात जाणार असाल तर हे जरूर करा, फार उपयोग होतो. पण वहीत फक्त काय बदललं ते दिसतं. का बदललं, ते त्या तिघांपैकी कोणीतरी पाच मिनिटं बसून सांगायला हवं असतं. आठ आठवड्यांत मला ती पाच मिनिटं मिळाली नाहीत. सगळीकडे असंच असतं असं मी म्हणणार नाही. मनुष्यबळ बरं असलेल्या कार्यालयांत वेगळा अनुभव आलेले मित्र मला माहीत आहेत.

आता बीड. सरकारने ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता, आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत बीड जिल्ह्यात ठिकठिकाणी चारा छावण्या उभ्या होत्या. शेडनेटच्या सावलीत ओळीने बांधलेली जनावरं, त्यांच्याजवळ बाजा टाकून राहिलेली म्हातारी माणसं आणि बाया. फेलोशिपमध्ये प्रत्येकाला एक मार्गदर्शक दिलेला होता. माझे मार्गदर्शक मराठवाड्यातच आयुष्य काढलेले निवृत्त बातमीदार. आम्ही त्यांना सरच म्हणायचो.

पहिल्या छावणीवर मी एका दिवसात नऊशे शब्द लिहून पाठवले. तिसऱ्या दिवशी कॉपी परत आली, समासात सतरा शेरे. पहिल्याच वाक्यात मी ‘जनावरांचे अतोनात हाल’ लिहिलं होतं. त्यावर सरांनी विचारलं होतं, ‘हाल म्हणजे काय? चारा कमी? पाणी? आजार? एकच सांग, पण दाखव.’ पुढे छावणीत ६१२ जनावरं असल्याचं लिहिलं होतं. शेरा: ‘मोजलीस की फलकावरून घेतलीस?’

फलकावरून घेतली होती. मग दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला गेलो, चारा पडायच्या आधी, कारण तेव्हा सगळी जनावरं दावणीला असतात. दोनदा मोजली, ५७१ भरली. मला वाटलं, मोठी बातमी हाती लागली. जनावरामागे रोजचं अनुदान मिळत असल्याने आकड्याला महत्त्व होतंच. सरांना फोन केला. ते म्हणाले, “आधी छावणीची नोंदवही बघायला माग. मग छावणीच्या चालकाला विचार. मग ज्यांची जनावरं कमी आहेत त्यांना विचार. आणि मग मला फोन कर.” दोन दिवस गेले. काही जणांनी बैल बाजारात नेऊन विकले होते, काहींच्या गाई व्यायला आल्या म्हणून घरी नेल्या होत्या. वहीत नोंदी होत्या, फलक मात्र आठवड्यातून एकदाच बदलत होते. घोटाळा नव्हता. पण घाईत मी तो लिहून बसलो असतो आणि एका माणसाचं नाव गेलं असतं.

त्याच फेरीत खरी बातमी सापडली. दावणीशी बसलेल्या एका मावशी म्हणाल्या, “पेपरात काय बी छापा, पर डॉक्टरला हितं पाठवा. ऊस खाऊ खाऊ जनावराची तोंडं सोलवटली.” मी ते वाक्य जसंच्या तसं घातलं. कॉपी परत आली, शेरा होता, ‘मावशींवर विश्वास ठेव, पण पशुवैद्यकाला विचार.’ विचारलं. हिरवा चारा म्हणून ऊस आणि वाढेच (उसाचे हिरवे शेंडे) येत होते. उसाच्या धारदार पानांनी तोंड सोलवटतं ते वेगळं, पण वाढ्यांत ऑक्झलेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. बराच काळ दुसरं काही न देता तेच घातलं तर दुभत्या जनावरांना त्रास होतो. म्हणून वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडायला सांगतात. छावणीत ते कोणी करत नव्हतं, कारण कोणी सांगितलंच नव्हतं. चुना काही महाग नाही. पाचव्या खर्ड्यात बातमी इथून सुरू झाली, आणि ‘हाल’ हा शब्द अख्ख्या लेखात कुठेच उरला नाही. छापून आल्यावर चार दिवसांनी त्या छावणीत चुन्याचं पिंप ठेवलं गेलं. बातमीमुळे की डॉक्टरांच्या फेरीमुळे, ते मला सांगता येणार नाही.

पाच खर्डे म्हणजे पाच वेळा कॉपी परत आली. त्यांतल्या तीन वेळा सरांशी फोन तासभर चालला. शब्द का बदलायचा, ते दर वेळी कळलं, आणि दोनदा मी वाद घातल्यावर सरांनी माझा शब्द ठेवला. पुण्यातल्या आठ आठवड्यांत माझ्या नावाने सव्वीस बातम्या आल्या. बीडच्या आठ आठवड्यांत चारच लिहिल्या, त्यांतल्या दोन छापून आल्या. तरी आज काम करताना मला आधार वाटतो तो या चारांचा.

फेलोशिपच्या बाजूने आणखी एक उदाहरण आपल्या सगळ्यांना माहीत असलेलं आहे. ग्रामीण भागावर लिहिणारे पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९३ मध्ये एका दैनिकाचीच फेलोशिप घेतली आणि देशातल्या अतिशय गरीब जिल्ह्यांत जाऊन राहायला सुरुवात केली. पुढे २००७ चा मॅगसेसे पुरस्कार, २०१४ मध्ये सुरू झालेलं ‘पारी’ (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) हे ग्रामीण भारतावरचं संकेतस्थळ, हे सगळं ज्या कामाच्या पायावर उभं राहिलं ते रोजच्या बीटमध्ये, म्हणजे बातमीदाराला नेमून दिलेल्या ठरावीक विषयात, बसणारं नव्हतं. आपली तुलना त्यांच्याशी करायची नाही. पण एका जागी पुन्हा पुन्हा जायला वेळ मिळाला की बातमी बदलते, हे मी माझ्या लहानशा छावणीत पाहिलं.

पैशाचं म्हणाल तर फारसा फरक पडला नाही. दैनिकाचं मानधन कमी होतं, पण मी पुण्यातच राहत होतो. फेलोशिपचं जास्त होतं, शिवाय प्रवासखर्च, पण लॉज आणि खानावळीत ते संपलं. बिलं वेळेवर मिळतात का, हे आधीच्या फेलोंना विचारून घ्या.

फेलोशिपचे तोटे मी लपवणार नाही. एकटेपणा फार असतो. पुण्यात रात्री काम संपल्यावर सगळे मिळून चहाला जायचो. बीड जिल्ह्यातल्या गेवराईच्या लॉजवर मी आणि पंखा. दुपारी बारा ते चार उन्हात कोणी भेटत नाही, म्हणजे काम पहाटे आणि संध्याकाळी, आणि संध्याकाळी एसटी नसते. माझ्याबरोबर फेलोशिप केलेल्या वर्गमैत्रिणीला हे फार जड गेलं. तिच्या गावाहून शेवटची गाडी साडेपाचला होती, आणि बायका शेतातून घरी यायच्या सहाला. तिने गावातल्या आशाताईंच्या (आरोग्यसेविकेच्या) घरी मुक्काम करायला सुरुवात केली तेव्हा कुठे तिचं काम मार्गी लागलं. मुक्कामाची सोय कोण करणार, हे संस्थेला लेखी विचारा. मुलींनी तर विचाराच, मुलांनीही विचारा.

नोकरीच्या दृष्टीने दैनिकाचं पारडं जड आहे, हे मान्यच करायला हवं. जागा निघाली की वृत्तसंपादकांना आठवतो तो समोर बसलेला मुलगा, बीडला गेलेला नव्हे. माझ्याबरोबर डेस्कवर असलेले दोघे त्याच वर्षी रुजू झाले. मला सात महिने थांबावं लागलं. घरची परिस्थिती अशी असेल की जूनपासून पगार हवाच, तर दैनिक घ्या आणि मनात काही ठेवू नका. आजवर एकदाही डेस्कवर बसला नसाल तरीही आधी दैनिकच बरं, असं मला वाटतं. प्रेसनोट कापता न येणाऱ्याला छावणीची बातमीही लांबत जाते. डेस्क करूनही माझी पहिली कॉपी नऊशे शब्दांची झाली होती.

पण डेस्क एकदा करून झालं असेल आणि सात-आठ महिने कळ काढता येत असेल, तर मी फेलोशिपकडे झुकेन. अर्थात फेलोशिप म्हटली की कॉपी परत येतेच असंही नाही. काही ठिकाणी आठवडाभर व्याख्यानं होतात, मग फेलो सुटतो आणि शेवटी थेट अहवालच मागितला जातो. तशी असेल तर त्यापेक्षा दैनिक बरं. म्हणून होकार कळवण्याआधी समन्वयकांना नव्हे, जे मार्गदर्शक मिळणार आहेत त्यांनाच फोन करा आणि विचारा, कॉपी किती दिवसांत परत मिळेल. मी विचारलं होतं. सर म्हणाले, “दोन-तीन दिवसांत. आणि परत आली की तासभर मोकळा ठेव, वही घेऊन बस.”