पॉलिसी अ‍ॅनालायझर: जीपीओच्या गुंत्यावर फुकटचं औषध

ऑफिसात ४७ जीपीओ (ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट, म्हणजे विंडोज कॉम्प्युटरांवर एकदम लागू होणाऱ्या सेटिंग्जचा संच) साचलेले, आधीच्या प्रत्येक अ‍ॅडमिनने आपापला एक टाकून ठेवलेला, नावं पण ‘टेस्ट२ फायनल’ असली. शेवटी मायक्रोसॉफ्टच्या सिक्युरिटी कम्प्लायन्स टूलकिटमधलं पॉलिसी अ‍ॅनालायझर घेतलं, फुकट आहे, इन्स्टॉलची भानगड नाही. जीपीओचे बॅकअप त्यात टाकले की सगळं शेजारीशेजारी दिसतं आणि जिथे दोघांचं जुळत नाही तिथे पिवळा रंग. स्क्रीन लॉक एकीकडे ६०० सेकंद, दुसरीकडे ९००, आणि लोक दोन वर्षं शिव्या मला घालतायत! यादी एक्सेलमध्ये काढता येते हे भारीच. पण एकत्र करून वगैरे देत नाही हां, ते हातानेच करायचं. सध्या १९ वर आलोय, ‘टेस्ट२ फायनल’ला मात्र अजून हात लावायची हिंमत होत नाहीये.