पगारावरील करांचे ऑनलाइन काम : अंबडमधील एका कारखान्याचा सेवेबाबत अभिप्राय

अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या लहान कारखान्याचे टीडीएस (पगारातून आधीच कापला जाणारा आयकर), व्यवसाय कर आणि भविष्य निर्वाह निधीचे काम आम्ही २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नाशिकमधीलच एका कर सल्लागार कार्यालयाकडे सोपवले. त्यापूर्वी पगारपत्रक हाताने लिहिले जाई आणि तिमाही संपली की त्यावरून आकडे काढून, सही केलेल्या २७ए या गोषवारा नमुन्यासह विवरणपत्र सुविधा केंद्रात नेऊन द्यावे लागे. आता हे सर्व ऑनलाइन होते. परंतु या सेवेचे मोल मला वाटते ते कागद वाचला म्हणून नव्हे, तर काम त्यांच्याकडे जाऊनही ताबा आमच्याकडे राहिला म्हणून.

अनेक ठिकाणी सल्लागार सोयीसाठी स्वतःचाच मोबाइल क्रमांक आणि ई-मेल पोर्टलवर नोंदवतात. ओटीपी त्यांच्याकडेच जातो, विभागाची नोटीसही त्यांच्याकडेच येते, आणि पुढे संबंध बिघडले तर मालकाला स्वतःच्याच नोंदी पाहता येत नाहीत. या कार्यालयाने पहिल्याच बैठकीत आयकर पोर्टल, ट्रेसेस (टीडीएसच्या नोंदींचे पोर्टल) आणि महाजीएसटी (राज्याचे पोर्टल, जिथे व्यवसाय कर भरला जातो) या तिन्ही ठिकाणी आमचा क्रमांक नोंदवला व डिजिटल स्वाक्षरीचे टोकन (पेनड्राइव्हसारखे साधन) आमच्या कपाटात ठेवायला सांगितले. त्यामुळे प्रत्येक विवरणपत्राच्या वेळी आमच्यापैकी कोणाला तरी हजर राहावे लागते. तेवढा वेळ जावा हेच योग्य आहे.

दुसरी दखल घ्यावी अशी बाब म्हणजे नावांची पडताळणी. आमच्याकडे पेठ, सुरगाणा आणि इगतपुरीकडचे कामगार आहेत. कोणाच्या आधारवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी, तर बँकेत वडिलांचे नावच नाही, अशी स्थिती होती. पॅन चुकले तर कापलेला कर त्या माणसाच्या आयकर विभागाकडील वार्षिक नोंदीत दिसत नाही, आणि यूएएन (भविष्य निर्वाह निधीचा कायम खाते क्रमांक) आधारशी जोडलेला नसेल तर त्याची निधीची रक्कम ईसीआर या मासिक ऑनलाइन विवरणपत्रातून भरताच येत नाही. पैसे कामगाराचे असतात, म्हणून हे काम मला आकडेमोडीपेक्षा महत्त्वाचे वाटते. पहिले २४क्यू (पगारावरील टीडीएसचे तिमाही विवरणपत्र) भरण्याआधी त्यांनी प्रत्येक नाव कागदपत्रांशी ताडून पाहिले आणि दुरुस्तीचे अर्ज कामगारांसमोर बसून भरले.

व्यवसाय कराचा हिशेब, आम्ही पगाराची माहिती भरून देतो त्या त्यांच्या तक्त्यात बिनचूक बसवलेला आहे : दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३०० रुपये, आणि १ एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंत मासिक पगार असलेल्या महिलांना सूट.

उणिवाही आहेत. टीडीएस (मार्च सोडून) पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत आणि भविष्य निर्वाह निधी १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, हे ठाऊक असूनही माहितीची मागणी बहुतेक वेळा मुदतीच्या आदल्या दिवशी येते. टीडीएसच्या विवरणपत्राला उशीर झाल्यास आयकर कायद्यानुसार दररोज २०० रुपये विलंब शुल्क मालकालाच भरावे लागते, सल्लागाराला नाही. म्हणून ही घाई मला मान्य नाही. तक्ता पूर्णपणे इंग्रजीत असल्याने हजेरीपट सांभाळणाऱ्या आमच्या ज्येष्ठ कारकुनांना तो भरताना दर वेळी कोणाची तरी मदत लागते. शिवाय सुधारित विवरणपत्राचे शुल्क वार्षिक मानधनाबाहेर आहे, हे आम्हाला पहिले बिल हाती आल्यावर कळले. कामगारांना फॉर्म १६ (वर्षभराचा पगार व कापलेल्या कराचा दाखला) मात्र १५ जूनच्या आत मिळाले, आणि गृहकर्जासाठी अर्ज करणाऱ्यांना ते लगेच उपयोगी पडले.

पुढील वर्षासाठी आम्ही हीच सेवा कायम ठेवली आहे. माहितीची मागणी मुदतीच्या किमान पाच दिवस आधी यावी, मराठी शीर्षके असलेला तक्ता मिळावा आणि दुरुस्तीचे दर आधीच कळवावेत, या तीन अटी या वेळी करारात लेखी घातल्या आहेत. त्यांनी त्या मान्य केल्या असून मराठी तक्ता आमच्याकडे आलाही आहे.