सुगंधी इंटिमेट वॉश: बाटली देखणी, काम शून्य

पंप गळत नाही, फेस भरपूर. पण झाकण उघडताच गुलाबाचा असा भपकारा येतो की विचारू नका, आणि योनीभोवतीच्या नाजूक त्वचेला ही सुगंधी द्रव्यंच झोंबतात. मला दुसऱ्याच दिवशी खाज सुटली. वर लेबलवर ‘आतून ताजेपणा’! अहो, योनी आतून स्वतःच साफ होते. तिथले लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करून पीएच (आम्लतेचं माप) साधारण ३.८ ते ४.५ राखतात, आत साबण गेला की ती घडी विस्कटते. बाहेरून कोमट पाणी पुरतं. माशासारखा वास किंवा दह्यासारखा घट्ट स्राव असेल तर डॉक्टरच गाठा, वॉशने संसर्ग जात नाही. उरलेली बाटली मी पाय धुवायला काढलीये.