डार्लिंगकाठ की गिब रिव्हर रोड: कॅरॅव्हॅन घेऊन निघणाऱ्या कुटुंबासाठी

जुलैच्या शाळेच्या सुटीत मुलांसह ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील नद्यांचा प्रदेश पाहायचा असेल, तर दोन मार्गांचा विचार प्रामुख्याने होतो: न्यू साउथ वेल्समध्ये बर्क ते वेंटवर्थ हा डार्लिंग नदीचा काठ आणि वायव्येला किंबर्लीमधील गिब रिव्हर रोड. माझ्या मते निवड निसर्गावरून नव्हे, तर गाडीमागे जोडलेल्या कॅरॅव्हॅनवरून करावी.

डर्बीपासून कुनुनुराच्या दिशेने जाणारा गिब रिव्हर रोड सुमारे ६६० किलोमीटरचा असून मुळात गुरांच्या वाहतुकीसाठी तयार झाला. त्याच्या कच्च्या भागावर पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या पडतात. अशा रस्त्यावर दोन तास गेल्यानंतर आम्ही कपाट उघडले, तेव्हा तूरडाळीच्या डब्याचे झाकण निघाले होते आणि डाळीत लाल धूळ अशी मिसळली होती की ती निवडणे शक्यच नव्हते. डाळीचे ठीक आहे, पण हेच हादरे कॅरॅव्हॅनच्या सांध्यांनाही बसतात. एरवी पूल नसलेली नदी गाडीने ओलांडण्याआधी पायी शिरून खोली पाहतात. या रस्त्यावरील पेंटेकॉस्ट नदीत खाऱ्या पाण्यातील मगरी असल्याने तसे मुळीच करू नये. विंजाना घळीत मात्र गोड्या पाण्यातील मगरी वाळूवर पहुडलेल्या दिसतात आणि ते दृश्य मुले विसरत नाहीत. साधी कॅरॅव्हॅन असेल तर ती डर्बीला ठेवून तंबूसह पुढे जावे, किंवा डांबरी ग्रेट नॉर्दर्न हायवेने फिट्झरॉय क्रॉसिंगला जाऊन तिथली गीकी घळ पाहावी.

डार्लिंगला तिच्या काठचे मूळनिवासी बार्किंजी लोक ‘बाका’ म्हणतात. तिचे गढूळ पाणी आणि काठावरचे जुने रेड गम, म्हणजे निलगिरीच्या जातीचे वृक्ष पहिल्या नजरेत भुरळ घालत नाहीत. मेनिंडीच्या तळ्यात उभी असलेली वठलेली झाडे आणि त्यांच्यामधून सरकणारे पेलिकन पाहताना मात्र पाय निघत नाही. मार्च २०२३ मध्ये याच परिसरात पाण्यातील प्राणवायू घटून कोट्यवधी मासे मेले. नदीचे हे दुखणेही मुलांना सांगावे, असे मला मनापासून वाटते. मुक्काम किंचेगा राष्ट्रीय उद्यानात नदीकाठी करता येतो, फक्त रेड गमच्या फांद्यांखाली कॅरॅव्हॅन लावू नये, कारण त्या अचानक तुटून पडतात.

मेलबर्न किंवा सिडनीहून निघणाऱ्यांना डार्लिंग कितीतरी जवळ आहे. बर्क, विल्केनिया, मेनिंडी आणि वेंटवर्थ येथे डांबरी रस्ता गाठता येत असल्यामुळे कंटाळलेल्या मुलांना घेऊन प्रवास मध्येच आटोपताही येतो; म्हणून पहिल्या सहलीसाठी मी हाच मार्ग सुचवेन. कॅरॅव्हॅन भाड्याची असल्यास करारातील कच्च्या रस्त्यांविषयीचे कलम दोन्हीकडे आधी वाचावे.

डार्लिंगकाठची खरी अडचण पाऊस आहे. विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या रानात ज्याची गाडी रुतली असेल, त्याला तिथल्या मातीविषयी वेगळे सांगायला नको. पाऊस पडला की कच्चे रस्ते बंद करतात आणि बंद रस्त्यावर गाडी घातल्यास दंड होतो. बर्कला रस्ता बंद असल्याची पाटी दिसली, तर ऊन पडण्याची वाट पाहत दिवस घालवण्याऐवजी डांबरी रस्त्याने कोबारमार्गे विल्केनिया गाठावे आणि नदीची सोबत तिथून पुढे धरावी.